पहिलंच घरगुती बूस्टर पेडल: चालू केलं की आवाज वाढण्याऐवजी बसतो

गंगापूररोड_सहातारी

एलपीबी-१ या गिटार बूस्टर पेडलच्या सर्किटवरून झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डवर) बूस्टर जोडला आहे. एकच ट्रान्झिस्टर, बाकी सगळं नेहमीचं. बायपासमध्ये, म्हणजे पेडल बंद असताना, गिटार स्वच्छ ऐकू येते, एलईडीही लागतो. पेडल चालू केलं की आवाज बायपासपेक्षा कमी येतो, शिवाय घोगरा आणि तुटका. जोरात स्ट्रम केलं तर फाटतो.

वापरलेले भाग: ट्रान्झिस्टर बीसी ५४७ (नकाशात २एन ५०८८ होता), कलेक्टरला १० के (किलोओहम), एमिटरला ३९० ओहम, आत-बाहेर ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, व्हॉल्यूमला १०० के लॉग पॉट (फिरवायचा रेझिस्टर). बेसच्या दोन रेझिस्टरसाठी नकाशात ४३० के आणि ४३ के आहेत. एमजी रोडला ते मिळाले नाहीत म्हणून ४७० के आणि ४७ के घातले. त्यामुळेच गडबड झाली असेल का? आणखी एक, बॅटरीवर शांत असतं, पण ९ व्होल्टच्या अडॅप्टरवर बारीक शिट्टी येते.

अंबड_मल्टीमीटर

रेझिस्टर बरोबर आहेत. तिथे महत्त्व दोघांच्या प्रमाणाला आहे आणि ४३०:४३ काय, ४७०:४७ काय, प्रमाण तेच. एकच बदलला असता, म्हणजे वर ३९० के आणि खाली ४७ के, तर कलेक्टर बराच खाली बसला असता आणि आवाज एका बाजूने चिरला असता.

बायपास आणि एलईडी नीट आहेत म्हणजे फूटस्विच आणि जॅकवर संशय घेण्याचं कारण नाही. आता सोल्डरचा एकही डाग उकलू नका. आधी व्होल्टेज मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळा प्रोब इनपुट जॅकच्या ग्राउंडवर, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर, पेडल चालू. बॅटरी स्टीरिओ जॅकमधून चालू होत असेल तर इनपुटला केबल खोचलेली हवी, नाहीतर सगळीकडे शून्य दिसेल. मग लाल प्रोब ट्रान्झिस्टरच्या पायाला नाही, तर भागाला लावा: १० के जिथे ट्रान्झिस्टरला मिळतो तो कलेक्टर, ३९० जिथे मिळतो तो एमिटर, ४७० के आणि ४७ के जिथे भेटतात तो बेस.

ताजी बॅटरी असेल तर बेस पाऊण व्होल्टच्या आसपास, एमिटर ०.१५ ते ०.२, कलेक्टर ४ ते ६ यायला हवा.

गंगापूररोड_सहातारी

बॅटरी ९.१. कलेक्टर ८.७, बेस ०.६१, एमिटर ०.०१.

अंबड_मल्टीमीटर

मग ट्रान्झिस्टर उलटा बसला आहे.

एमिटरला ३९० ओहमवर ०.०१ व्होल्ट म्हणजे जेमतेम २५ मायक्रोअँपिअर वाहतोय. नीट बसलेल्या ट्रान्झिस्टरमधून ४०० च्या आसपास जायला हवा. कारण पायांच्या क्रमात आहे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन ५०८८ चे पाय डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर असतात, बीसी ५४७ चे कलेक्टर-बेस-एमिटर. बेस दोन्हीत मधला, त्यामुळे नकाशातल्या चित्राप्रमाणे बसवला की दिसायला सगळं जागेवर दिसतं.

उलटा ट्रान्झिस्टर मेलेला नसतो, म्हणूनच आवाज येतो. पण त्याचा करंट गेन (करंट किती पट वाढवतो तो आकडा) शेकड्यांवरून एक आकडी होतो, इनपुट इंपिडन्स (इनपुटचा सिग्नलला असलेला रोध) काही हजार ओहमवर येतो आणि गिटारचा पिकअप त्या ओझ्याखाली दबतो. आधी ट्रेबल जातो, म्हणून घोगरेपणा. कलेक्टर ८.७ ला चिकटल्यामुळे वर जायला जागाच उरत नाही, म्हणून आवाज तुटतो.

उपाय: ट्रान्झिस्टर काढा आणि नवा १८० अंश फिरवून बसवा. जुना परत वापरू नका. बीसी ५४७ चं बेस-एमिटर जंक्शन उलट दिशेने ६ व्होल्टपर्यंतच सहन करतं, इथे ८ आले आहेत. अशाने गेन घटतो आणि आवाजात सूं वाढते. दोन-चार रुपयांच्या भागासाठी ती जोखीम नको. मीटरला एचएफई (ट्रान्झिस्टरचा गेन मोजायचं) सॉकेट असेल तर नवा आधी त्यात घालून पाहा. बरोबर बसला तर ११० ते ८०० मध्ये आकडा येतो, उलटा असेल तर अगदी थोडा. पाय जरा लांब ठेवा आणि प्रत्येक पायाला सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका.

पंचवटी_फझ

शिट्टीबद्दल. ती स्विचिंग अडॅप्टरची आहे. बॅटरीवर शांतता असेल तर बाकी वायरिंगमध्ये ती शोधू नका. डीसी सॉकेटच्या + वरून सर्किटकडे जाणाऱ्या वायरमध्ये १०० ओहम घाला आणि त्याच्या पुढे, सर्किटच्या बाजूला, १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ग्राउंडला जोडा, पट्ट्याची बाजू ग्राउंडकडे. ही जोडी १६ हर्ट्‌झच्या वरचं बहुतेक सगळं गाळते. सर्किट अर्धा मिलिअँपिअरही घेत नाही, त्यामुळे १०० ओहमवर व्होल्टेज पडत नाही म्हटलं तरी चालेल. एलईडीची वायर मात्र रेझिस्टरच्या आधीच घ्या.

अडॅप्टर राउटरचा असेल तर मधली पिन + असते. पेडलच्या जगात मधली पिन − धरतात. आत्ताच सॉकेट त्याप्रमाणे जोडा आणि अडॅप्टरही तसाच घ्या, म्हणजे पुढे दुसरी पेडलं एकाच सप्लायवर येतील. पण मग सॉकेटची बाहेरची रिंग + होते आणि ॲल्युमिनियमचा डबा तर ग्राउंडला असतो. सॉकेट प्लास्टिक बॉडीचाच हवा, धातूचा लावला की थेट शॉर्ट.

डब्याला पावडर कोटिंग असेल तर जॅकच्या भोकाभोवती आतून थोडा रंग खरवडा. नाहीतर डबा ग्राउंड होत नाही आणि हात लावला की घूं वाढते.

गंगापूररोड_सहातारी

नवा बीसी ५४७ फिरवून बसवला. कलेक्टर ४.९, बेस ०.७५, एमिटर ०.१६. आवाज दणदणीत आहे. १०० ओहम आणि कपॅसिटर घातल्यावर शिट्टी गेली. आता फक्त स्विच दाबताना स्पीकरमधून ‘टक’ येतं.

पंचवटी_फझ

इनपुट कपॅसिटरच्या जॅककडच्या टोकापासून ग्राउंडला १ मेगओहम लावा. बायपासमध्ये ते टोक लोंबतं राहतं, कपॅसिटरमधून झिरपून त्यावर व्होल्टेज साचतं आणि स्विच दाबताच ते अँपमध्ये रिकामं होतं. आउटपुटला तुमचा १०० के पॉट हेच काम करतो, तिथे काही घालू नका. त्यानंतरही हलकं टक राहिलं तर ते एलईडीचं. त्याचा रेझिस्टर ४.७ के वरून १० के करा, प्रकाश किंचित कमी होईल.

अंबड_मल्टीमीटर

आकडे अगदी हवे तसे आहेत. ते डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, पुढे आवाज बिघडला तर याच तीन जागा आधी मोजायच्या. हा बूस्टर साधारण २० पट वाढवतो, तेव्हा पॉट पाव फिरवूनच सुरुवात करा. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर पूर्ण उघडल्यावर अँपचा पुढचा भाग नक्की ओव्हरड्राइव्ह होणार, आणि ते तसंच अपेक्षित आहे.