५८ सीसीची करवत आणि फुकटचे सल्ले

हापूसवाला: परवा इथे कुणीतरी चेनसॉबद्दल (इंजिनवर चालणारी साखळी-करवत) छातीठोक लिहिलं, "५८ सीसी, २२ इंची बार घ्या. माड पाडा, आंबा छाटा, सगळं एकाच मशीनमध्ये." डोकंच फिरलं. बार म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी. ते धूड खांद्यापर्यंत उचलून दिवसभर फांद्या छाटून दाखवा. गचपणात लांब बारचं टोक मागच्या फांदीला कधी टेकतं कळत नाही, आणि टेकलं की मशीन उसळून तोंडावर. छाटणीला ३०-३५ सीसी, १४ इंची बार भरपूर. शिवाय नवी चेन सुरुवातीला ढिली पडते, ती दर थोड्या वेळाने बघा. बारला खालून लागून हवी, पण हाताने ओढली तर सरकली पाहिजे. रेस सोडल्यावरही चेन फिरत असेल तर आधी आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) कमी करा, मग झाडाकडे जा.

श्रीवर्धनकर: तो छातीठोक मीच. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. वाडीतली अर्धी झाडं आडवी, रस्ता बंद. तुमचं खेळणं घेऊन बसलो असतो तर गणपतीपर्यंत कापतच होतो.

हापूसवाला: माडाचं खोड फूटभर. १६ इंची बारमध्ये एका दमात निघतं. २२ इंच कशाला, मिरवायला?

श्रीवर्धनकर: आणि जुना रायवळ आंबा? तो काय कोयतीने?

वाडीवरचा: आडव्या झाडाला बारची लांबी नाही, ताण बघतात. दाबाच्या बाजूने, म्हणजे लाकूड दबलंय तिथून, थोडं कापा, मग ताणाच्या बाजूने, म्हणजे ओढलं गेलंय तिथून. उलट केलंत की बार लाकडात अडकतो आणि मालक शिव्या घालत बसतो. उभं झाड असेल तर पडायच्या बाजूला खाच, मागून काप, मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाइतकी न कापलेल्या लाकडाची बिजागरी ठेवायची. आमच्याकडचे गडी तीही कापून टाकतात, मग झाड जाईल तिकडे. असो. चेनला तेल कुठलं घालता? आम्ही गाडीचं जळकं.

काजूबाग: जळकं?! त्यात धातूचा कीस असतो, तेलाचा पंप जातो. आणि ते उडतं कुठे? तुमच्या अंगावर आणि विहिरीच्या काठावर.

वाडीवरचा: माझा पंप शाबूत आहे.

काजूबाग: होय महाराजा! बिडी ओढणारा आजाही नव्वदीपर्यंत जगतो. मी खाण्याचं तेल घालतो.

श्रीवर्धनकर: मग पावसाळाभर मशीन ठेवून बघा. तेल चिकट होऊन चेन बारला डिंकासारखी बसते. मी काढली आहे, रॉकेलमध्ये भिजवून.

काजूबाग: काम झाल्यावर पुसायची असते. आळशीपणाला तेल काय करणार?

हापूसवाला: आळशीपणावरून आठवलं, टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल महिनोन् महिने ठेवणारेच "कार्ब्युरेटर भिकार" म्हणतात. पेट्रोलमध्ये तेल ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, पण हे अंदाजपंचे ओततात.

श्रीवर्धनकर: माझ्या मशीनच्या पुस्तकात २५:१ आहे. पुस्तक वाचतो मी, साहेब.

हापूसवाला: वा, मग त्यातलं टोकाने न कापण्याचं पान फाटलंय वाटतं.

वाडीवरचा: आणि कानस? बोथट चेनने भुसा पिठासारखा पडतो, तरी दाबत राहतात. पॉइंट तीन-दोन-पाच इंच पिचच्या (पिच म्हणजे कड्यांचं माप) चेनला ४.८ मिमीची कानस, ३० अंशात.

श्रीवर्धनकर: बरं बाबा, छाटणीला लहान मशीन घेईन. पैसे हापूसवाले देणार असतील तर.

काजूबाग: आंबा पाडणार असाल तर आधी वनखात्याची परवानगी काढा. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे तो, फणसही. तोवर दोन्ही मशीनना गंज चढेल.