मोबाइल काढून घेणे हा उपाय नव्हे

मुलांच्या मोबाइल गेमच्या व्यसनाबद्दल ‘मोबाइल काढून घेतला की प्रश्न मिटला, समुपदेशन कशाला?’ असे म्हटले जाते, ते मला पटत नाही, कारण भाच्याच्या बाबतीत आम्ही नेमके तेच केले आणि आठवडाभरात तो मित्राच्या घरी रात्री दोनपर्यंत खेळू लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. मात्र खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे हे साधारणपणे बारा महिने चालले असेल तरच ते निदान होते, त्यामुळे सुट्टीत चार तास खेळणारे प्रत्येक मूल व्यसनी ठरत नाही.

समुपदेशक बाईंनी पहिल्या भेटीत मोबाइलचा विषयही काढला नाही. खेळायला बसण्याआधी मनात काय होते, एवढेच वेळेसह वहीत लिहायला सांगितले. तीन आठवड्यांत त्या वहीत ‘गणिताचा क्लास’ हेच शब्द पुन्हा पुन्हा आले. (आम्ही मात्र गेमच्या नावाने बोटे मोडत होतो.) बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अशा व्यसनासाठी २०१४ पासून ‘शट’ क्लिनिक आहे, तिथवर जाणे शक्य नसल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.