भित्रा सेनापती म्हणे! नामका चूवर भित्रं कोण होतं ते सांगा

घाटावरचा:

परवा एका धाग्यावर कुणीतरी ठणकावलं, "वाईट सेनापती ओळखायला अक्कल लागत नाही, तो भित्रा असतो. बासष्टच्या चीन युद्धात आपले सेनापती शूरच होते, राजकारण्यांनी त्यांचे हात बांधले, बाकी काही नाही." खाली नुसती वाहवा. तिथंच लिहायला बसलो, पण उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

आधी भित्रेपणाचं बघू. ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते एल. पी. सेन. १९४५ साली ब्रह्मदेशात आराकानच्या कांगॉला डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळवलेले, आणि ७ नोव्हेंबर १९४७ ला शालटेंगला टोळीवाल्यांना श्रीनगरच्या वेशीवरून उधळून लावणारे ब्रिगेडियरही तेच. नामका चूनंतर चौथ्या डिव्हिजनवर आलेले ए. एस. पठानिया महावीरचक्रवाले. चौथ्या कोअरचे बी. एम. कौल ऑक्टोबरच्या सुरुवातीला डोंगर तुडवत स्वतः नेफातल्या (आजचं अरुणाचल) नामका चू नदीच्या काठावर गेले. कोअर कमांडर सगळ्यात पुढच्या खंदकापर्यंत जातो, त्याला भित्रा कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दोष दुसराच होता. वरून आलेला हुकूम खाली जसाच्या तसा ढकलायचा आणि खालून आलेला हिशेब वर जाऊ द्यायचा नाही. ३३ कोअरचे उमरावसिंग सांगत होते, आधी शिधा आणि दारूगोळा साठवा, मग नदीपलीकडची थागला डोंगरधार चिन्यांकडून घ्या. झालं काय? ती आघाडीच त्यांच्याकडून काढली आणि ४ ऑक्टोबरला कौलना नवी कोअर दिली.

तो हिशेब काय असतो ते ढोबळ आकड्यांत मांडतो. गाडीरस्ता तवांगपर्यंत. पुढं सगळं पाठीवर. जवानामागे रोज शिधा आणि सरपण मिळून १ किलो धरा, थंडीत तेही कमीच. २,५०० माणसं म्हणजे रोज अडीच टन, नुसतं पोटाला. हमाल २५ किलो उचलतो. जायला ५ दिवस, यायला ४. या ९ दिवसांत तो स्वतः ९ किलो खातो, म्हणजे पोचतात १६. रोज अडीच टन पोचवायला रोज १५६ हमाल निघाले पाहिजेत, म्हणजे वाटेवर कायम १,४०० माणसं. यात एक गोळी नाही, मॉर्टरचा एक बॉम्ब नाही, काटेरी तारेचं एक भेंडोळं नाही.

म्हणून विमानातून टाकायचं ठरलं. जागा सांगधर, साडेचौदा हजार फुटांवरचा चिंचोळा तुकडा. गठ्ठा जरा चुकला की दरीत. मग तो हुडकायला माणसं धाडा. ज्या हातांनी खंदक खणायचे तेच हात दरीत पोती शोधताहेत.

२ राजपूत आणि १/९ गुरखा सुती कपड्यांत वर गेले, माणशी एक ब्लँकेट आणि ५० गोळ्या. .३०३ रायफल मिनिटाला १५ नेमक्या गोळ्या झाडते. काढा भागाकार. साडेतीन मिनिटांत पिशवी रिकामी. असल्या तयारीवर "१० ऑक्टोबरला कारवाई सुरू" असा शब्द दिल्लीला देऊन टाकणारा सेनापती शूर असेना का, वाईटच.

रांगडा गडी:

ते वाक्य माझंच. नाव घेऊन लिहायचं होतं, घाबरलात काय?

इतकी आकडेमोड केलीत, पण थागला मोकळा करायचा हट्ट कुणाचा होता ते सोयीस्कर गाळलंत. १२ ऑक्टोबरला सिलोनला निघताना विमानतळावर पत्रकारांना कोण सांगून गेलं? पंतप्रधान. त्याच्या आदल्या रात्री कौल दिल्लीत त्यांच्याच घरी बैठकीला होते. नामका चूवरचे ब्रिगेडियर दालवी आणि त्यांचे डिव्हिजन कमांडर निरंजन प्रसाद नदीवरून मागं यायची परवानगी मागत होते. कुणी दिली नाही. वायुदलाची लढाऊ विमानं तर जमिनीवरच ठेवली. याला हात बांधणं नाही तर काय हळदीकुंकू म्हणायचं?

आणि कौलना बसवलं कुणी? आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये हयात काढलेला माणूस, लढाईत बटालियनसुद्धा न हाताळलेला. हा सेनापतीचा दोष की नेमणाऱ्याचा?

घाटावरचा:

नेमणाऱ्याचा दोष आहेच, मी कुठं नाही म्हटलं? पण तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतो. त्या बैठकीत सत्तेसमोर बसलेला एकमेव माणूस असा होता, ज्यानं आदल्याच दिवशी नदीपलीकडच्या सेंगजाँग चौकीवरचा हल्ला डोळ्यांनी पाहिला होता. ९ पंजाबची पन्नासएक माणसांची तुकडी, तिच्यावर बटालियनभर चिनी. कौलचा बेत तर त्या सकाळी राजपुतांना थेट युमत्सो ला खिंडीत चढवायचा होता, १६,००० फुटांवर, त्या सुती कपड्यांत. तो तिथंच बारगळला. मग दिल्लीत "तिथं थांबणं म्हणजे मरण, ब्रिगेड आजच्या आज मागं लुंपूला घ्या" एवढं ठामपणे सांगायला कुणी हात बांधले होते? ठरलं काय, तर नदी धरून बसा. नदीकाठ म्हणजे थागलाच्या पायथ्याचा तळ. वरून चिन्यांना आपली एकेक चूल दिसते. चौक्यांची माळ मैलोन्‌मैल, दोन चौक्यांच्या मधे नुसतं रान. २० तारखेला चिनी त्याच फटींतून आधीच मागं जाऊन बसले होते. पहिल्या माऱ्यात टेलिफोनच्या तारा तुटल्या, आणि कुठं काय पडलं हे ब्रिगेडलाही कळेना.

आणि त्या दिवशी कोअर कमांडर कुठं? आजारी पडून दिल्लीच्या घरी, बिछान्यात, पण कमांड सोडलेली नाही.

नाना फडतूस:

आता माणेकशांचा एप्रिल १९७१ चा किस्सा कोण टाकतंय? त्याशिवाय असला धागा पुरा होत नाही.

रांगडा गडी:

टाकणारच होतो. काय चुकीचं आहे त्यात? पावसाळ्यात बंगालचं चिखलाणं होतं, हिवाळ्यात खिंडी बर्फानं बंद म्हणजे चीन उतरणार नाही, एवढं पंतप्रधानांना सांगून त्यांनी महिने मागून घेतले. चांगला सेनापती तो. कौलनंतर बासष्टची हीच चौथी कोअर त्यांच्याच हाती दिली होती, हे कुणाला आठवत नाही.

कोल्हापूरकर:

माणेकशा, कौल, सेन. धाग्यात एक मराठी नाव नाही! एस. पी. पी. थोरात. वडगावचे. ज्या कांगॉबद्दल वर सेनांची आरती ओवाळलीत, तिथं तीन हिंदी बटालियन प्रमुखांना डीएसओ मिळाला: तिमय्या, सेन आणि थोरात. हेच थोरात ईस्टर्न कमांडला असताना १७ मार्च १९६० ला लखनौला 'लाल किल्ला' हा सराव घेऊन सगळं मांडून मोकळे झाले होते. मॅकमोहन रेषेवर नुसता पहारा ठेवा, खरी लढाई मागं बोमडिलाकडं द्या. चिन्याला त्याच्या रसदीपासून लांब खेचा, आपण आपल्या रस्त्याजवळ राहा. लष्करप्रमुख झालेल्या तिमय्यांनी पुढचा प्रमुख म्हणून त्यांचीच शिफारस केली होती. झालं काय? थापर. मराठी माणूस म्हणून डावललं, सरळ आहे. नंतर निस्तरायला मात्र सह्याद्री पाहिजे!

शंकेखोर:

हे "मराठी म्हणून" कुठून आणलंत? थापर थोरातांना ज्येष्ठ होते. ज्येष्ठाला नेमलं. पुढं त्याच ज्येष्ठतेला फाटा दिला की तुम्हीच ओरडणार. थोरात सेनापती म्हणून बरे होते यावर वाद नाही, पण प्रत्येक पराभवाला "आमचा माणूस असता तर" ही शेपूट लावायची सवय सोडा.

दुसरं, बोमडिला म्हणजे काही काशी नव्हे. बेली नावाच्या इंग्रजाची जुनी पायवाट नकाशावर काढून बघा. पोशिंग ला ही खिंड उतरून थेंबांग, आणि तिथून रस्ता धरला की से ला खिंड आणि दिरांग दोन्ही मागं राहतात, बोमडिला पुढ्यात. से लाला वळसा बसला तसा बोमडिलालाही बसला असता.

कोल्हापूरकर:

बसला असता, पण कसा बसला ते वाचा की राव. १८ नोव्हेंबरला बोमडिलाच्या ४८ ब्रिगेडला तेजपूरहून कौलनी फोनवर फर्मावलं, तुकडी काढा आणि दिरांगकडं धाडा. ब्रिगेडियर सांगतोय, ही माणसं खंदकातली आहेत, काढली तर भगदाड पडेल. ऐकलं नाही. तुकडी बाहेर पडली, चिनी रिकाम्या खंदकात. तुकडी परत फिरली तोवर घर दुसऱ्याचं. ही बोमडिलाची चूक की फोनवरून खंदक हलवणाऱ्याची? थोरातांचा आराखडा से लावर एक ब्रिगेड, दिरांगला मुख्यालय आणि बोमडिलाला उरलंसुरलं अशी भाजी वाटायचा नव्हता. एका जागी जमवा, असं होतं.

शंकेखोर:

बरं, भाजी वाटली हे मान्य. वाटलेली भाजी कुणालाच पुरत नाही हेही मान्य. आता तुमचा जल्लोष उरकला असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ?

धागाकर्त्यानं "खालून आलेला हिशेब वर नेतो तो चांगला" असं सूत्र काढलंय. मग निरंजन प्रसादांचं काय करायचं? बासष्टला चौथ्या डिव्हिजनवर असताना नामका चूवरून मागं घ्या म्हणणारे हेच. तुमच्या हिशेबानं सोन्यासारखा सेनापती. सप्टेंबर १९६५ ला हेच लाहोर आघाडीवर १५ डिव्हिजनला होते. हल्ला झाला, साहेब जीप उसाच्या फडात सोडून निघून आले. जीपमधले कागद पाकिस्तानच्या हाती लागले आणि रेडिओवरून वाचले गेले. वेस्टर्न कमांडच्या हरबक्षसिंगांनी त्यांना काढलं. आता बोला, भित्रेपणाला काहीच किंमत नाही?

रांगडा गडी:

वा! मी हेच सांगत होतो, पण माझ्या तोंडून आलं की ते अडाणी.

घाटावरचा:

निरंजन प्रसादांचं उदाहरण बोचरं आहे. घेतो पदरात. "नाही" म्हणता येणं पुरेसं नाही, दुरुस्त करतो माझं वाक्य. पण रांगडे गडी, उड्या मारू नका, कारण हरबक्षसिंगांचं उदाहरण तुमच्याही कामाचं नाही. लष्करप्रमुख चौधरींनी बियास नदीच्या मागं या म्हटलं आणि आपण मानलं नाही, असं हरबक्षसिंगांचं म्हणणं. ते शौर्याच्या खात्यात टाकायचं असेल तर टाका, पण त्याच पासष्टला चौथ्या डिव्हिजननं काय केलं बघा. तीच डिव्हिजन, जी तीन वर्षांपूर्वी नेफात मेणासारखी वितळली. खेमकरण सोडून ती मागं आली. माघारच होती ती! पण पुढची जागा आधी ठरलेली, असल उत्तर ते चीमा, घोड्याच्या नालासारखी. शेतांत कालव्याचं पाणी सोडलेलं, उसात जीपवरच्या रिकॉइललेस तोफा. १० सप्टेंबरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले आणि बाजूनं मार खात बसले.

आता से लाची माघार त्याच्या शेजारी ठेवा. माघारीला चार गोष्टी लागतात: पुढची जागा पाहून ठेवलेली, वाट दाखवणारी माणसं, कोण आधी आणि कोण नंतर हा क्रम, आणि सगळे निघेपर्यंत जागा न सोडणारी पिछाडी. १७ नोव्हेंबरला से लाच्या पुढं नुरानांगला ४ गढवाल हल्ल्यांवर हल्ले परतवत होती. वरच्या ब्रिगेडकडं दारूगोळा होता. पठानियांना मात्र दिरांगहून निघायची परवानगी हवी होती. तेजपूरला कोअरच्या मुख्यालयात थापर आणि सेन दोघं बसलेले, एक लष्करप्रमुख, एक आर्मी कमांडर. दोघांनीही निर्णय दिला नाही. का? कौल नेफाच्या पूर्व टोकाला वालाँगला गेलेत, ते आल्यावर बघू! कौल संध्याकाळी आले. हुकूम काय गेला? जमेल तोवर धरा, न जमल्यास मागं या, अशा छापाचा. वाचणाऱ्याला ज्याची भीती वाटते ते त्यातून वाचता येतं, आणि धाडणाऱ्याला उद्या "मी तर धरा म्हटलं होतं" असं सांगता येतं. रात्रीत से लावर एक बटालियन मागं घेतली, ती जागा मोकळी होताच चिनी तिथं, आणि बाकीच्या ब्रिगेडला ते आपल्याच माणसांच्या जागेवरून आलेल्या गोळ्यांनी कळलं.

से लाच्या ब्रिगेडचे होशियारसिंग तिथून आपली माणसं घेऊन निघाले आणि २७ तारखेला वाटेत मारले गेले. भित्रे होते?

रांगडा गडी:

होशियारसिंगांबद्दल मी एक अक्षर काढलेलं नाही, उगाच माझ्या तोंडी घालू नका.

तेजपूरच्या खोलीचं मान्य. दोघं बसून राहिले ते मात्र मला भित्रेपणाच वाटतो. गोळीचा नव्हे, सहीचा.

नाना फडतूस:

म्हणजे आता भित्रेपणाचे दोन प्रकार झाले. तुमचं वाक्यही खरं आणि यांचंही. चला, चहा टाका.

शंकेखोर:

चहा नको. सगत सिंग राहिले. १९६५ ला चीनच्या धमकीनंतर सिक्कीमच्या सीमेवरचा जेलेप ला सोडला गेला, नाथू ला यांनी सोडला नाही. कारण साधं: ती पाणलोटाची धार आहे, ती गेली की खालची दरी शत्रूच्या नजरेखाली. १९७१ ला मेघनेवरचा पूल पाकिस्तान्यांनी उडवलेला, तर ९ डिसेंबरपासून यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून माणसं पलीकडं उतरवली. नदीवर थांबा असा वरचा बेत. यांनी थांबा ऐकलं नाही. म्हणजे घाटावरच्यांच्या सूत्रात हा गृहस्थ कुठं बसतो? वरचं खाली ढकलत नाही, खालचं वर नेत नाही, सरळ पुढं निघून जातो.

घाटावरचा:

पण त्यानं आधी मोजलं. एका फेरीत किती माणसं, दिवसभरात किती फेऱ्या, पलीकडच्या बाजूला कोण आहे, कोण नाही. सेंगजाँगच्या आदल्या रात्री हे कुणी मोजलं होतं ते सांगा.

कोल्हापूरकर:

थोरातांनी. दोन वर्षं आधी. आणि ज्येष्ठतेचं मला अजूनही पटलेलं नाही.