मदत हवी आहे: व्हीसीडीची बिन-क्यू इमेज विंडोज १० वर माउंट होत नाही

नौपाडाकर

नमस्कार मंडळी. आईच्या भजनी मंडळाने २००४ साली देवळात कार्यक्रम केला होता, त्याच्या दोन व्हीसीडी घरी आहेत. पेटी वाजवणाऱ्या मावशी आता हयात नाहीत आणि त्यांचं दुसरं रेकॉर्डिंग कुणाकडेच नाही. आईला ते पुन्हा बघायचंय.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून इमेज (सीडीची जशीच्या तशी फाइल-प्रत) करून आणल्या. प्रत्येक सीडीच्या दोन फाइल्स मिळाल्या: बिन साधारण ७९० एमबीची आणि क्यू (बिनची माहिती देणारी छोटी टेक्स्ट फाइल) जेमतेम १ केबीची. ओळखायला सोपं जावं म्हणून दुकानदाराने बिन फाइल्सना 'आई भजन १' आणि 'आई भजन २' अशी नावं दिली आहेत.

आयएसओवर (इमेजचा नेहमीचा एक-फाइल प्रकार) राइट क्लिक केलं की 'माउंट' येतं आणि नवा ड्राइव्ह दिसतो. बिनवर तसं काहीच येत नाही. एकाने सांगितलं म्हणून बिनची कॉपी काढून तिचं एक्स्टेन्शन आयएसओ केलं, तर विंडोज म्हणतं इमेज करप्ट आहे. ती खरंच खराब झाली आहे का? आणि ७०० एमबीच्या सीडीची फाइल ७९० एमबीची कशी?

वाशी_सेक्टर१७

ताई, घाबरू नका, एवढ्यावरून बिन खराब आहे असं होत नाही. विंडोज ८ पासून आयएसओ आपोआप माउंट होते, पण बिन-क्यू होत नाही. नुसतं एक्स्टेन्शन बदलून आतली रचना बदलत नाही.

सीडीचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे डेटाचा ठरावीक तुकडा, २३५२ बाइट्सचा असतो. साध्या डेटा सीडीत त्यातले २०४८ आपल्या कामाचे, उरलेले मुख्यतः चुका दुरुस्त करण्यासाठी. ७०० एमबी हा हिशोब त्या २०४८ चा. बिनमध्ये सहसा अख्खा सेक्टर जसाच्या तसा उतरवतात, म्हणून फाइल मोठी दिसते. व्हीसीडीत तर व्हिडिओला सेक्टरमागे २३२४ बाइट्स दिलेले असतात, म्हणून २०४८ वाल्या आयएसओत तो पूर्ण मावतच नाही. दुकानदाराने बिन-क्यू दिली हे उत्तम झालं.

विनसीडीईमू हा इमेज माउंट करणारा प्रोग्रॅम टाका, फुकट आणि ओपन सोर्स आहे. ड्राइव्हर टाकू का असं विचारेल, हो म्हणा. मग बिनवर नाही, क्यूवर डबल क्लिक करा.

नौपाडाकर

टाकलं. दोन्ही क्यूंवर एरर येतो, ड्राइव्ह दिसत नाही.

घणसोलीचा_मन्या

क्यू नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत अवतरण चिन्हांत बिनचं नाव असतं. दुकानदाराने बिनचं नाव बदललं आणि क्यूमध्ये जुनंच राहिलं असणार, त्यामुळे प्रोग्रॅम नसलेली फाइल शोधत बसतो. क्यूमध्ये जे नाव आहे तेच बिनला परत द्या आणि दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

माउंट झाल्यावर आत दिसणारी व्हिडिओची डॅट फाइल नुसती कॉपी करून ठेवू नका. व्हीसीडीगिअर या प्रोग्रॅमला क्यू दाखवा, तो आतून एमपेग (नेहमीची व्हिडिओ फाइल) काढून देतो. पुन्हा कन्व्हर्ट करत नाही, त्यामुळे चित्र आहे त्याहून बिघडत नाही. ३५२ बाय २८८ चं चित्र, त्यात आणखी काही घालवू नका.

नौपाडाकर

दादा, नावाचंच होतं! बिनची नावं पूर्वीसारखी केली आणि दोन्ही इमेज लगेच माउंट झाल्या. एमपेगही निघाल्या. पहिला भाग आईने जेवण बाजूला ठेवून पूर्ण बघितला.

दुसऱ्या भागात मात्र शेवटच्या गौळणीला चित्राचे चौकोन होतात आणि पेटी तुटते. नेमकी मावशींचीच गौळण आहे हो ती. सॉफ्टवेअरने नीट होईल का?

वाशी_सेक्टर१७

इमेजमधून नाही होणार. व्हीसीडीत व्हिडिओच्या सेक्टरना चूक-दुरुस्तीचा तो जादा थर नसतो, त्यामुळे वाचताना जे सुटलं ते सुटलं. मूळ सीडी मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग दुसऱ्या ड्राइव्हवर कमी स्पीडने वाचून बघा. एका ड्राइव्हला न वाचता येणारा भाग दुसऱ्याला कधी कधी वाचता येतो.

नौपाडाकर

पुसून ठेवली. ठाण्यात किंवा ऐरोलीपर्यंत कुणाकडे चालू यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर कृपया मेसेज करा. सीडी मी स्वतः घेऊन येईन, कुरिअरने पाठवायची नाही.