बायटाला विसरू नका

आयझॅक आसिमोव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञान-कादंबरीमालिकेबद्दल एक मत ऐकू येतं: 'फाउंडेशनमध्ये माणसं पुठ्ठ्याची आहेत, खरा नायक सेल्डनचा सिद्धांतच.' (सेल्डन हा त्यातला गणिती; मोठ्या समाजांचं भविष्य गणितानं मांडून तो पुढच्या शतकांची योजना आखतो आणि त्यासाठी 'फाउंडेशन' नावाची वसाहत उभारतो.) हे मत १९५१च्या पहिल्या भागापुरतं मला मान्य आहे. त्यात नाव घेण्याजोगं स्त्रीपात्रही जवळपास नाही. पण १९५२चा 'फाउंडेशन अँड एम्पायर' वाचल्यावर ते टिकत नाही. (रहस्य फुटेल, न वाचलेल्यांनी इथेच थांबावं.) 'टाइम व्हॉल्ट'मध्ये, म्हणजे सेल्डननं मरण्याआधी नोंदवून ठेवलेली भाकितं ठरल्या वेळी ऐकवणाऱ्या दालनात, त्याची प्रतिमा व्यापाऱ्यांच्या बंडाबद्दल बोलत राहते आणि बाहेर म्यूल नावाचा विजेता दारात आलेला असतो. योजना पहिल्यांदाच चुकते, ती एका माणसामुळे.

आणि त्या म्यूललाही अडवते ती फाउंडेशनमधली एक तरुणी, बायटा. इतरांची मनं तो हवी तशी वळवतो, पण ती त्याच्याशी आपणहून मायेनं वागली म्हणून तिच्या मनाला तो हात लावत नाही. म्हणूनच तिची शंका शाबूत राहते, आणि शास्त्रज्ञ एब्लिंग मिस सेल्डननंच गुप्तपणे उभारलेल्या दुसऱ्या फाउंडेशनचा पत्ता म्यूलसमोर सांगणार तेवढ्यात ती मिसला गोळी घालते, नवऱ्यालाही आधी काही न सांगता. आमच्या इंदूरच्या वाचनगटात यावर खूप वाद झाला. इतिहास शिकवलेल्या एक मावशी म्हणाल्या, "अहिल्याबाई होळकरांचे पती खंडेराव १७५४ला गेले, सासरे मल्हारराव १७६६ला, मुलगा मालेराव १७६७ला. पुढे अहिल्याबाई उभ्या राहतील हे कुठल्या गणितात बसलं असतं?" मला हा मुद्दा फार पटला. माझ्या मते या कादंबरीचा गाभा म्यूलच्या ताकदीत नाही, कुणीतरी न सांगता आपल्यावर जीव लावावा या त्याच्या भुकेत आहे. तिथेच तो हरतो.