इनप्लांट ट्रेनिंग: चाकणची मोठी कंपनी की भोसरीचं वर्कशॉप?

टीई_मेक:
मंडळी, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष संपलं, हाताशी ६ आठवडे आहेत. दोन ठिकाणी होकार आलाय. चाकणची मोठी ऑटो कंपनी (४० जणांची बॅच, शेवटी सर्टिफिकेट) आणि भोसरी एमआयडीसीतलं १० सीएनसी लेथचं (संगणकाने चालणाऱ्या कातकाम यंत्रांचं) वर्कशॉप, ॲल्युमिनियम हाउसिंगचं काम. घरचे म्हणतात, नाव मोठं बघ. इंटरव्ह्यूला काय कामाला येईल? आणि तिथे जाऊन नेमकं करायचं काय?

बोअरगेज:
डोळे झाकून भोसरी. ४० जणांच्या बॅचला लाइन पिवळ्या पट्ट्याबाहेरूनच दाखवतात, आणि त्यात कंपनीचंही काही चुकत नाही.

पहिला आठवडा फक्त ड्रॉइंग आणि मोजमाप. ५० एच७ बोअर (बोअर म्हणजे आतून कातलेलं गोल भोक, एच७ ही त्याच्या मापातली सूट) म्हणजे ५०.००० ते ५०.०२५ मिमी, हे पाठ असेलच. आता हिशेब बघ: ॲल्युमिनियम दर मीटरला, दर अंशाला साधारण २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) वाढतं. जॉब (मशीनवरचा नग) मास्टर रिंगपेक्षा (गेज जिच्यावर सेट करतात ती ठरलेल्या मापाची रिंग) १५ अंश गरम असेल तर हा बोअर १७ मायक्रॉन मोठा दिसतो. ऑपरेटर ५०.०१० वाचून ओके करतो, गार झाल्यावर तोच ४९.९९३ भरतो आणि रिजेक्ट होतो. ‘गार करून मोजा’ अशी पाटी लावून भागत नाही. सायकल दीड मिनिटाची असेल तर गार होईपर्यंत पुढचे ८-१० जॉब निघालेले असतात. मग सेटर (मशीनची मापं जुळवणारा) काय करतो, ते त्याच्या शेजारी उभं राहून बघ.

ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) द्यायला शिक, पण सेटर समोर असतानाच. बोअरिंगचा इन्सर्ट (कापणारं पातं) झिजला की बोअर लहान येतो. १० मायक्रॉन लहान आला तर एक्सच्या (व्यासाच्या दिशेच्या) वेअरमध्ये (झिजेच्या भरपाईच्या रकान्यात) अधिक ०.०१० द्यायचे, चुकून वजा दिले तर पुढचा जॉब २० ने लहान.

क्यूसी_नाइटशिफ्ट:
वरच्याशी सहमत. प्रोजेक्ट म्हणून एकच बोअर घे. दर तासाला सलग ५ जॉब, असे २५ गट, म्हणजे १२५ रीडिंग. एक्स-बार आर चार्ट (गटांची सरासरी आणि गटातला फरक दाखवणारा आलेख) काढ, मग सीपीके (काम मापाच्या मर्यादेत किती नीट बसतं तो आकडा).

मुलं हमखास घोळ घालतात तो इथे: फायनल इन्स्पेक्शनच्या ट्रेमधले जॉब उचलून मोजतात. त्यातले खराब आधीच बाजूला काढलेले असतात, सीपीके छान येतो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो. शिवाय क्रम गेला की इन्सर्टची झीजही चार्टवर दिसत नाही. जॉब मशीनवरून थेट घे, मार्करने नंबर टाक, वेळ आणि इन्सर्ट बदलल्याची नोंद शेजारी लिही.

त्याआधी गेज तपास: १० जॉब, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा. गेज आर अँड आर (मोजण्यामुळेच येणारा फरक) ३० टक्क्यांवर गेला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

टीई_मेक:
आणि मालकांनी मशीनजवळ जाऊच दिलं नाही तर?

बोअरगेज:
मोजायला कोणी नाही म्हणत नाही, त्यांचंच काम हलकं होतं. कॉलेजचं पत्र आणि अपघात विम्याची प्रत पहिल्याच दिवशी दे. सेफ्टी शूज स्वतःचे. फिरत्या चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) हातमोजे अजिबात नकोत, चिप हुकनेच ओढायची. ड्रॉइंगचा फोटो काढू नकोस. रिपोर्टमध्ये पार्ट नंबर आणि ग्राहकाचं नाव वगळून फक्त बोअरचं माप टाक, तेही त्यांना दाखवून.