तळमजल्यात पुराचं पाणी: आधी दाराला फळी की नहाणीला झडप?

उंबरठा
पावसाळा तोंडावर आला की तळमजलेवाले दारात विटांचा बांध घालतात, नाहीतर ॲल्युमिनियमची फळी बसवून घेतात. माझ्या मते हा उलटा क्रम आहे. मुंबईत कुर्ला, सायन, हिंदमाता अशा सखल भागात पाणी बरेचदा दाराआधी नहाणीच्या जाळीतून येतं. रस्त्यावरचं पाणी मॅनहोलमधून मलवाहिनीत शिरतं, वाहिनी तुडुंब भरते आणि तिची पातळी लादीच्या वर गेली की घरातलं सगळ्यात खालचं तोंड वाहू लागतं. कमोडची पाळी नंतर. म्हणून आधी सांडपाण्याच्या ११० मिमी लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, मग दार.

चेंबरवाला
व्हॉल्व्ह कुठे बसवायचा ते लिहिलंच नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे. सोसायट्या तो इमारतीच्या शेवटच्या चेंबरात बसवून मोकळ्या होतात. बाहेरची पातळी चढली की झडप मिटते, पण वरच्या मजल्यांचं सांडपाणी उतरतच राहतं. त्याला बाहेर वाट नाही, मग ते तळमजल्याच्या नहाणीतून उसळतं. पुराऐवजी शेजाऱ्यांचं पाणी घरात! शिवाय झडपेत चिंधी किंवा केसांचा गुंता अडकला तर ती पुरती मिटतच नाही.

उंबरठा
शेवटच्या चेंबरात बसवू नये, हे कबूल. तळमजल्याची लाइन वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपाला (स्टॅकला) न जोडता वेगळी चेंबरपर्यंत न्यावी आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर घालावा. वरून झाकण उघडणाराच घ्या. मे महिन्यात उघडून गाळ काढायचा, रबर चिरलंय का बघायचं. पाणी चढलेलं असताना आपणही मोरीत पाणी ओतायचं नाही, तेही अडतं. भाड्याच्या घरात एवढी फोडाफोड जमणार नाही. तिथे जाळी काढून पाइपात स्क्रूने आवळायचा रबरी प्लग बसवा. जाळीवर गोणी ठेवून भागत नाही. वजन पुरतं, पण फटींतून पाणी येतच राहतं.

मापात
फळीला इतकं कमी लेखू नका, फक्त तिची उंची आवरा. तीन फुटी दाराला बाहेर ३० सेंमी पाणी असेल तर रेटा साधारण ४० किलो, ६० सेंमीला १६०, ९० सेंमीला ३६५. उंची दुप्पट, रेटा चौपट. चार इंची बांध त्यापुढे आडवा होतो. दोन फुटांपेक्षा जास्त पाणी अडवूच नये; आत येऊ द्यावं, म्हणजे दोन्हीकडची पातळी सारखी होऊन भिंतीवरचा ताण जातो. फळी बहुधा खालूनच गळते, कारण दारातली लादी सपाट नसते. तिथे कडाप्प्याची सरळ पट्टी बसवून फळीला खाली जाड मऊ रबर लावा. गोण्या वापरायच्या तर अर्ध्याच भरा, तोंड दुमडून खाली घाला आणि विटांसारखे सांधे मोडून रचा. ठासून भरलेल्या गोण्या एकमेकींवर नीट बसत नाहीत.

मीटरबोर्ड
दोघांचंही बाजूला ठेवा, पहिला पैसा विजेवर घाला. खालचे प्लग जेमतेम फूटभर उंचीवर असतात. ते चार फुटांवर न्या, वायर छताकडून उतरवा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावा. मेन स्विच पाणी उंबरठ्याला लागण्याआधी पाडायचा, पाण्यात उभं राहून नव्हे. आणि मेन पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन जिवंत असते, हे हमखास विसरलं जातं. त्याची बॅटरीही जमिनीवरच ठेवलेली असते! लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा.

चेंबरवाला
विजेचं बरोबर. पण झडप आणि फळी दोन्हींवर भिस्त ठेवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं: मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी ताशी २५ मिमी पावसाच्या हिशेबाने बांधलेली, पर्जन्यवाहिन्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड योजनेत ते ५० धरले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. त्यात मोठी भरती असली की पाणी समुद्रात उतरतच नाही. अशा वेळी पंप लावून दारात उपसलेलं पाणी फिरून घरातच येतं. मी तोच पैसा पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीवर घालीन: झाकणाची गळपट्टी दीड फूट उंच करायची. टाकीत पुराचं पाणी गेलंच तर उपसून, घासून, भरून १०,००० लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर दीड किलो, २४ तास ठेवून ते पाणी सोडून द्यायचं. पावडर जुनी असेल तर दोन किलो.

उंबरठा
टाकीचं पटलं. पण तळमजल्याच्या लादीवर मैलापाणी आल्यावर वरच्यांची टाकी शुद्ध राहिली, याचं कौतुक मला नाही. पहिला खर्च झडपेचाच.